पुसायची राहून गेलेली वरात

धनराज गेल्याचं मला पर्वत पाटियाच्या नाक्यावर, चहा पिताना कळलं. मी उरलेला चहा संपवून मगच उठलो. सुरतेच्या एकाच मराठी शाळेत आम्ही दोघांनी शिकवलं. माझी घाईगर्दी त्याला कधीच आवडली नाही.

आमच्या वस्तीत दारूबंदीही होती आणि दारूही. नववी-दहावीतली पोरं पोटल्या, म्हणजे दारूच्या प्लास्टिकच्या पिशव्या, तोंडाला लावू लागली, तेव्हा धनराजनं ठरवलं, मोठ्यांनी उपदेश करायचा नाही, विद्यार्थ्यांनीच व्हिडिओ काढायचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकानं कॅमेरा दिला. संवाद पोरांचेच. पिणाऱ्या मुलाचं काम धनराजच्या भाच्याला, योगेशला दिलं. त्याला अभिनयाची गरजच नव्हती... धनराजला सगळ्यांत जास्त धास्ती त्याचीच होती. नवी कॅसेट कशाला, म्हणून धनराजनं घरातली गावाकडच्या लग्नाची कॅसेट दिली आणि पोरांनी तिच्यावरच व्हिडिओ उतरवला.

गणपतीत मंडपात टीव्ही लावून तो दाखवला. योगेशच्या झोकांड्यांवर लोक पोट धरून हसले. व्हिडिओ संपला, पण कॅसेट संपली नव्हती. अचानक बँड वाजू लागला, पुढच्या फितीवर जुनी वरात तशीच होती. वरातीत पोरांना घोटभर पाजणं हा आमच्याकडे लाडच. टीव्हीवर धनराज मास्तर हसत हसत लहानग्या योगेशच्या ओठांना ग्लास लावत होते.

"मास्तर, बंद करा ना," कोणीतरी म्हणालं. धनराज टीव्हीला खेटूनच उभा होता. मला त्याची कीव आली, आणि रागही.

"राहू द्या," तो म्हणाला आणि आमच्या अहिराणीवर आला. "पोरेसले मनं तोंड बी देखू द्या." मग भाच्याकडे वळला, "पहिला घोट तुले मीच दिन्हा."

यानं वस्ती सुधारली वगैरे नाही. पोटल्या येतच राहिल्या, त्या व्हिडिओतलीही काही पोरं वाया गेली. योगेश कितीतरी दिवस मामाशी बोलला नाही.

त्याला खूप वर्षं झाली, आता धनराजही नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या लग्नाची वरात निघाली. एका काकांनी योगेशपुढे ग्लास धरला. "ले रे भाऊ, लगीन शे."

दोन्ही हात पाठीमागे बांधून योगेश बँडच्या मागून चालत राहिला. त्या गणपतीनंतर धनराज प्रत्येक वरातीत असाच चालायचा.