ड्रोनचा बोर्ड
खालापूरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात परवा डाख लावल्याचा वास आला आणि कळंबच्या घरातली एक दुपार आठवली. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा त्याचा ड्रोन अर्धवटच राहिला होता. फोनवर तो दोन वाक्यांपुढं जायचा नाही, म्हणून मीच म्हटलं, "तू सांग रं, मी जोडते." त्या रविवारी तो बोलतच राहिला. ड्रोनला हवेत तोल देणाऱ्या, काडेपेटीहून लहान बोर्डाची सुटलेली तार मी त्याच्या सांगण्यावरून डाखली. बोट भाजलं, ते पदरात धरून पुढचं ऐकत राहिले. बोर्ड लॅपटॉपला जोडून टेबलावर सपाट ठेवला. "आता हात लावू नको गं आई. सरळ म्हंजे काय ते त्याला कळू दे." मी श्वाससुद्धा रोखून धरला. मग बोर्ड उचलून तिरका केला, तसं पडद्यावरचं ड्रोनचं चित्रही तिरकं झालं; मी त्याला फोनवर तसं सांगितलं. "जमलं गं!" तो लहानपणासारखा ओरडला. मी घाईनं विचारलं, "आता पुढं काय करायचं?" "काय नाय, झालं सगळं. ठेवतो." बाहेर कापणी झालेली शेतं उन्हात रिकामी पडली होती. मी कितीतरी वेळ तो बोर्ड उगाच इकडं-तिकडं कलवत बसले. त्याचे फोन अजूनही येतात. विचारायला मात्र माझ्याकडं तसं काही उरलेलं नाही.