दोन फ्लास्क, आणि नाव एकावरही नाही

सोमवारी सकाळी लॅबमध्ये मी एक पराक्रम केला आणि काल गुरुवारी त्याचा निकाल लागला. वेस्ट मांबलमच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

थर्ड इयरला सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. सध्या चेन्नईत एका कॅन्सर रिसर्च लॅबमध्ये हेल्पर आहे. काचसामान धुणं, मशीनं पुसणं, हवं ते बाजारातून आणणं... असलं सगळं.

तिथे सुधा पीएचडी करते. घरचे तंजावरचे मराठी, कित्येक पिढ्या इकडेच. मराठी बोलते पण मधेमधे तमिळ घालून, आणि देवनागरी तिला अजिबात वाचता येत नाही. म्हणूनच इथे बिनधास्त लिहितोय... मला ती आवडते. भयंकर आवडते. ती मला ‘तंबी’ म्हणते. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. हसा!

तर सुधाच्या गाइडनी परदेशातल्या एका लॅबशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करून पेशींची एक जोडी मागवली होती. एक, आतड्याच्या कॅन्सरच्या साध्या पेशी. दुसऱ्या हुबेहूब त्याच, फक्त त्यांच्यातला एकच जीन काढून टाकलेला. त्यांना नॉकआउट म्हणतात.

हा जीन म्हणजे, पेशी बिघडली की तिला ‘आता मर’ असं सांगणारा. दोन्ही शेजारी शेजारी वाढवायच्या, दोघींना तेच औषध द्यायचं... जो फरक दिसेल तो त्या एका जीनमुळे! सुधाने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कॉलेजात कुणी असं सांगितलं असतं तर...

जाऊ दे. तिची अख्खी पीएचडी या जोडीवर आहे. आणि दोन्हींची एकेकच नळी आली होती. त्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या आणि मंगळवारी त्यांचा साठा गोठवून ठेवायचा, असं ठरलं होतं.

सोमवारी मी इन्क्युबेटर साफ केला. गेल्या महिन्यात बुरशी लागली तेव्हा बोलणी खाल्ली होती, म्हणून या वेळी आतले दोन्ही फ्लास्कसुद्धा स्पिरिट मारून घसाघसा पुसले. चकाचक.

आणि बघतो तर नावं गायब.

लॅबचा मार्कर संपला म्हणून टी. नगरच्या गर्दीतून नवा मीच आणला होता. त्यावर ‘परमनंट’ छापलेलं. स्पिरिटने धुऊन निघाला! दोन फ्लास्क, दोघांत तेच गुलाबी पाणी, मायक्रोस्कोपखालीही पेशी अगदी सारख्या.

खोलीत मी एकटाच. मार्कर खिशातच होता. डावा फ्लास्क नॉकआउटचा, मला पक्कं आठवत होतं. खरं सांगतो, त्यावर इंग्रजी नॉकआउटचा ‘के’ लिहिलासुद्धा... मग डोळ्यांसमोर सुधा आली. वर्षानुवर्षं चुकीच्या पेशी तपासत बसलेली. ‘के’ पुसला आणि तिला बोलवायला कँटीनमध्ये पळालो.

तिने फ्लास्क पाहिले. “अय्यो, काय पा हे...” म्हणाली आणि स्टुलावर बसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आत्ता जातो आणि त्या मार्करवाल्याला फोडतो.

“त्याला फोडून फ्लास्कवर नाव येईल काय?”

“डावा नॉकआउटचा आहे. शंभर टक्के!”

“शंभर टक्के? मग माझ्या थिसिसवर सही कर ये.”

“नाही,” म्हटलं. “नक्की नाही माहीत.”

पीसीआर करून, म्हणजे जीन थेट तपासून, लवकर कळलं असतं, पण आमचं मशीन दुरुस्तीला गेलंय. ती उठली. म्हणाली, “सरी,” म्हणजे ठीक आहे, “यांनाच विचारू.” दोन्ही फ्लास्कमधल्या थोड्या पेशी वेगळ्या प्लेटमध्ये घेतल्या आणि त्यांवर केमोचं औषध टाकलं. जीन असेल त्या मरतील, नसेल त्या बऱ्याचशा तगतील. तीन दिवस थांबायचं.

तीन दिवस! मी आणि थांबणं! तासातासाला इन्क्युबेटरचं दार उघडून बघायचो. शेवटी ती ओरडली, “तंबी, सारखं दार उघडशील तर औषधाआधी तूच मारशील त्यांना!”

काल सकाळी तिने आधी स्वतः पाहिलं. मग मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला.

डावी प्लेट... सगळ्या गोल होऊन सुटलेल्या, पाण्यावर तरंगतायत. मेलेल्या. उजवी प्लेट... तळाला घट्ट चिकटून, हातपाय पसरून, मजेत जिवंत!

नॉकआउट उजवीकडे होता. उजवीकडे!! मी खोलीतच ओरडलो. सुधा हसता हसता डोळे पुसत होती. मग गाइडकडे जाऊन सगळं तिनेच सांगितलं... “नावं पुसली गेली होती, आम्ही तपासून घेतली.” आम्ही, म्हणाली.

संध्याकाळी साठा गोठवायला घेतला, तेव्हा नळ्यांवर नावं लिहायला तिने मला बसवलं. पेन्सिलने. स्पिरिटने पेन्सिल जात नाही, हे आता जन्मात विसरणार नाही.

रात्रभर एकच विचार डोक्यात... मला किती खात्री होती! आजवर मी जेवढी भांडणं केली ती सगळी अशाच खात्रीवर. त्यातल्या किती वेळा उत्तर उजव्या प्लेटमध्ये होतं, ते तपासायला आता काही मार्ग नाही. या वेळी होता. आणि मला तीन दिवस थांबायला लावणारं माणूस होतं... तिचे मनापासून आभार.