कशेडीत सोडलेली कबुतरी

परवा महाडच्या बाजारात बाजरीच्या पोत्यांचा वास आला आणि अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील; ऐंशीच्या दशकात ते बाजरी घालून शर्यतीची कबुतरं पाळायचे. सरावासाठी मी ती कशेडी घाटात नेऊन सोडायचो, तिथून ती उडत घरी परतायची. "आधी आभाळ बघ. ससाणा नाय ना, मगच सोड," ते दरवेळी सांगायचे.

त्या सकाळी कारखान्याची पाळी चुकेल म्हणून मी वर न बघताच टोपली उघडली. अण्णांची लाडकी राखाडी मादी ससाण्याने माझ्या डोळ्यांदेखत उचलली. घरी मी हे सांगितलं नाही.

अण्णा अंधार पडेपर्यंत अंगणात तिची वाट बघत उभे होते. मग हळूच म्हणाले, "वर बघितलं होतंस ना रे?"

"हो."

त्यानंतर दम लागत असतानाही ते स्वतःच टोपली घेऊन एसटीने घाटात जाऊ लागले. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.