ता. जि. उदगीर

मन्मथअप्पा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, खांद्यांकडे बघत. मुखेडहून येऊन मी उदगीरला त्यांच्या शेजारच्या गाळ्यात मेडिकल टाकलं, त्या पहिल्याच दिवशी ते माझ्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले. मान जरा तिरकी केली, माझे दोन्ही खांदे न्याहाळले आणि म्हणाले, "चाळीस. पण तुमी बेचाळीस घालायलाव. म्हनून आजारी दिसायलाव." ना नाव विचारलं, ना गाव. मला रागच आला. मी म्हणालो, "मला सैल कपडे आवडतात." त्यावर अप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "आवडीचं काय घेऊन बसलाव डॉक्टर? कपडा अंगावर बसला पायजे. माणूस कपड्यात जाऊन बसला तर कसं व्हायचं?"

मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा केलेला साधा दुकानदार आहे. हे मी त्यांना पुढची सगळी वर्षं सांगत राहिलो आणि ते मला डॉक्टरच म्हणत राहिले. पुढे या एका शब्दाचं मला फार ओझं झालं.

अप्पांचं कापडाचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, सदऱ्याच्या आत छातीवर लिंगायतांचं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. साठीला आले होते, पण कापडाचं टोक बोटांत धरलं की चेहरा तरण्या पोरासारखा व्हायचा. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का दुकानाच्या मागेच घरात असायच्या आणि अप्पांचं प्रत्येक वाक्य ऐकून त्यावर आतून एक शेरा मारायच्या. नवराबायकोचं असं भिंतीतून चाललेलं बोलणं मी दुसरीकडे कुठं ऐकलं नाही.

आता आमच्या उदगीरच्या आजाराबद्दल सांगायला हवं. या आजाराचं नाव जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, ही बातमी आमच्याकडे हवामानासारखी येते. सव्वीस जानेवारीला होणार. तेव्हा नाही झाला तर एक मेला. पंधरा ऑगस्टला तर काळ्या दगडावरची रेघच. आणि गंमत अशी की माणसं सगळी कामं त्यावर टांगून ठेवतात. घराचा वरचा मजला जिल्हा झाल्यावर. प्लॉट विकायचा तो जिल्हा झाल्यावर. एका गृहस्थाने तर पोरीचं चांगलं स्थळ थांबवून धरलं होतं, आपण जिल्ह्याचे झालो की याहून वरचं येईल म्हणून.

अप्पा या सगळ्यांच्या पुढे गेले होते. जिथे तालुका आणि जिल्हा एकाच नावाचा असतो, तिथेच पत्त्यात 'ता. जि.' असं जोडून लिहितात. अप्पांनी दुकानाच्या पाटीवर, पिशव्यांवर, पावतीबुकावर बिनदिक्कत 'ता. जि. उदगीर' छापून टाकलं होतं. मालाची पार्सलं कुठे कुठे फिरून यायची, पण पत्ता बदलला नाही. उदगीर अजून लातूर जिल्ह्यात, पण घरात लातूर म्हणायची चोरी होती. माहेरच्या लग्नाला लातूरला जायचं असलं तर अक्कासुद्धा "जरा तिकडं जाऊन येते" म्हणायच्या. हौस म्हणा, हट्ट म्हणा. आम्ही हसायचो. मीही पोट धरून हसलोय.

गोल्फचं खूळ या जिल्ह्यातूनच आलं. कापड आणायला अप्पा हैदराबादला गेले होते. तिथे एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बंद खोलीत चाललेला गोल्फ त्यांनी बघितला. समोर भिंतभर पडदा, पडद्यावर हिरवंगार मैदान. आपण हिरव्या सतरंजीवर उभं राहून खरा चेंडू खऱ्या काठीनं मारायचा. चेंडू पडद्यावर धप्पकन आदळून खाली पडतो, आणि पडद्यातला चेंडू मात्र आभाळात जातो. किती लांब गेला, कुठे वळला, ते यंत्र सांगतं. अप्पा तिथून आले ते ठरवूनच आले.

"बगा डॉक्टर," ते म्हणाले, "जिल्हा झाला की कलेक्टर येतंय, एसपी येतंय, जज येतंय. ही सायब लोकं संध्याकाळी काय करतील? किल्ला किती दिवस बघतील? त्यांना गोल्फ लागतंय. आन् गवताला पाणी लागतंय, पडद्याला नुसती लाईट. आन् गोल्फ आला की त्याचा कपडा आला. तो कुणाकडं हाय? उद्या माझ्याकडं."

"आधी लाईटीचं बघा," अक्का आतून म्हणाल्या.

दुकानाची मागची अर्धी बाजू रिकामी करून त्यांनी तो पडदा उभा केला. पुढच्या बाजूला लुगडी, धोतरं गेली आणि गोल्फचे कपडे आले. आणि खरं सांगतो, कपडा निवडण्यात त्या माणसाचा हात धरणारा मी बघितला नाही. कॉलर असलेला टी-शर्टच हवा, जीन चालणार नाही, पट्टा बुटाच्या रंगाचा हवा. काळ्यासावळ्या माणसाला ते कधी मळखाऊ रंग देत नसत. "तुमाला कुणी सांगितलं राखाडी घाला म्हनून? शत्रूनं सांगितलं असंल. ह्यो मोरपंखी घाला, आन् आरशात बगा, कोन हाय ते." कोचिंग क्लासचे एक ढेरपोटे सर आडव्या पट्ट्यांचा शर्ट मागत होते. त्यांच्या पोटाकडे बघून अप्पा म्हणाले, "सर, पट्टे संपतील." पण त्यांनाच उभ्या शिवणीचा गडद निळा शर्ट असा शोधून दिला की सर महिनाभर तोच घालून शिकवत होते.

काचेत त्यांनी एक बिनडोक्याचा पुतळा उभा केला होता. पांढरी पॅन्ट, आकाशी टी-शर्ट, डाव्या हातात मोजा. हा वेश पहिल्या कलेक्टरसाठी राखीव. उन्हं आली की अप्पा ओरडायचे, "सायबाला ऊन लागायलंय, पडदा ओढा!"

स्वतः अप्पांनी साठ वर्षांचा पांढरा सदरा उतरवला आणि जांभळा टी-शर्ट चढवला, तेव्हा गल्ली दोन दिवस दुसरं काही बोलली नाही. पण एक अडचण होती. काठी फिरवली की छातीवरचं लिंग दोऱ्यासकट उसळून कॉलरच्या बाहेर यायचं. लिंग तर अंगावेगळं करायचं नाही. मग अप्पांनी प्रत्येक टी-शर्टाला आतून, डाव्या बाजूला, बरोबर डबीच्या मापाचा खिसा शिवून घेतला. खेळण्याआधी ते तिथे हात दाबून धरायचे आणि मग काठी उचलायचे.

त्या हातावर माझं लक्ष गेलं ते दुष्काळाच्या उन्हाळ्यात. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते, आणि आमच्या गल्लीतले बोअर एकेक करून नुसती हवा ओकायला लागले होते. टँकर कधी येईल याचा नेम नाही. बाया घागरी ओळीत मांडून अप्पांच्या दुकानाच्या सावलीला बसायच्या. अप्पा त्यांना आत बोलवायचे, एसीत बसा म्हणायचे. एकदा पडद्यावर तळं होतं, निळं, काठोकाठ भरलेलं. सरांचा चेंडू त्यात पडला आणि यंत्रातून डुबुक असा आवाज आला. बाया घागरी सोडून पडद्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "अप्पा, हे कुठलं पानी हो?"

"विलायतचं, मावशी."

"खरं हाय का?"

अप्पांनी काठी भिंतीला टेकवली आणि डावा हात छातीवर दाबला. त्या वेळी ते खेळणार नव्हते. हात बराच वेळ तिथेच राहिला. एसीत उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तळी असलेली सगळी मैदानं बंद केली आणि वाळवंटातलं एक मैदान लावलं. मला मात्र त्या हाताचा धसका बसला.

मग ते माझ्या काउंटरवर यायला लागले. "डॉक्टर, गॅसची गोळी द्या."

"अप्पा, हा गॅस नाही."

"तुमी डॉक्टर हायत का?"

"नाही, म्हणूनच म्हणतो डॉक्टरकडे जा!"

मी त्यांना ओढूनच आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीची कागदी पट्टी काढली, बघितली, आणि स्पष्ट सांगितलं की हृदयाची नळी तुंबलेली दिसते, लातूरला जाऊन तपासणी करा, आठवडाही घालवू नका. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "एक मेला जिल्हा जाहीर व्हायलाय. ह्या वक्ती पक्की खबर हाय. जिल्हा झाला की मोठा दवाखाना इथंच येतंय, मशीन इथंच येतंय. आन् त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिकडं खाटेवर पडू व्हय?"

मी भांडलो. गॅसच्या गोळ्या देणार नाही म्हणालो. त्यांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी कोंबली आणि अक्कांना सांगितलं. अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा शेरा मारला नाही. भिंतीआडून नाही, समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावा की हो." अप्पा हसले. "जातो. एक मे होऊ द्या." त्यानंतर एप्रिल संपेपर्यंत मी शेजारच्या गाळ्यातला चेंडूचा धप्प आवाज ऐकत बसायचो. आवाज जरा लांबला की गिऱ्हाईक तसंच सोडून डोकावून यायचो.

एक मेला सकाळी झेंडावंदन झालं. अप्पांनी आंब्याच्या रंगाचा नवा टी-शर्ट घातला होता, पांढरी पॅन्ट, डाव्या हातात मोजा. इतके देखणे ते मला कधीच दिसले नव्हते. सर आले होते, गल्लीतली चार माणसं होती, सगळ्यांचे डोळे मोबाईलवर. बातमी येईना. ऊन चढलं. "येतंय, येतंय," अप्पा म्हणाले, "तंवर एक मारतो." छातीवर हात दाबला, पाय रोवले आणि काठी फिरवली. सुरेख बसला तो फटका. पडद्यावरचा चेंडू वाळवंटावरून लांब, लांब जात राहिला. आम्ही सगळे तिकडे बघत होतो. मागे काठी पडल्याचा आवाज आला तेव्हा वळलो. अप्पा सतरंजीवर बसले होते आणि त्यांच्या तोंडाचा रंग गेला होता.

मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. अक्कांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईनं जिल्हा विचारला.

"उदगीर," अक्का म्हणाल्या.

"तालुका नको ताई, जिल्हा सांगा."

"उदगीरच. ता. जि. उदगीर."

"असा जिल्हा नाही हो ताई. नीट सांगा."

अक्का रडत होत्या आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. दुसरा शब्द त्यांच्या तोंडात येतच नव्हता. इतकी वर्षं त्या घरात तो उच्चारलाच नव्हता ना कुणी. मी फोन हिसकावला आणि ओरडलो, "लातूर! जिल्हा लातूर!" अप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी वाईट बोलून गेलो असावं, असं ते बघणं होतं.

गाडी आली. आम्ही निघालो. लातूरच्या वाटेवर, नळेगावच्या अलीकडेच अप्पा गेले.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अक्कांनी स्वतः कात्री घेतली, आंबा रंगाच्या टी-शर्टाच्या आतला खिसा उसवला, लिंग काढून अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. मग त्यांना पांढरे कपडे घातले. कुणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी बसायला आलेली माणसं ओट्यावर होती. "इथं जिल्ह्याचा दवाखाना असता तर अप्पा वाचले असते," एक जण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दुसरा म्हणाला की आता पंधरा ऑगस्टला नक्की आहे, आतल्या गोटातली खबर आहे. आणि बघता बघता त्या ओट्यावर रंग चढला. कलेक्टर कचेरी कुठे होणार, रस्ता कुठून रुंद होणार. माझं डोकं फिरलं. मी उठून दुकानात आलो आणि काउंटरवर कपाळ टेकून बसलो. मला त्या माणसाची फार आठवण येत होती आणि त्याचा तितकाच राग येत होता.

थोड्या वेळाने अक्का आल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. त्यांनी मागे वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"डॉक्टर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माज्या बी छातीत दुखायलंय. लई दिवस झाले. डाव्या हातापर्यंत कळ जाती."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"म्हनलं, आधी ह्यांचं होऊ दे."

बाहेर ओट्यावर कुणीतरी अजून ऑगस्टचं सांगत होतं.

"उद्या सकाळची लातूरची गाडी कितीला हाय?" अक्कांनी विचारलं.

मी दाराशी आलेल्या गिऱ्हाईकांना जा म्हणालो, शटर खाली ओढलं आणि अक्कांना हाताला धरून तशाच लातूरला निघालेल्या गाडीत बसवलं.