मामांचा लीगल कागद

माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांनी, मला आजवर जेवढे धक्के दिले तेवढे पनवेलच्या रस्त्यांनीही माझ्या स्कूटरला दिलेले नाहीत. मामांची सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. मूळ निकाल समोर ठेवून त्याची नक्कल तयार करायची, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ताडून पाहायचं आणि शेवटी 'खरी नक्कल' असं लिहून खाली सही करायची. चिरनेरपासून करंजापर्यंतच्या कित्येक बांधांची भांडणं मामांच्या त्या सहीवर चालली. मामा निवृत्त झाले तेव्हा मस्कतच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन दिला. वडिलांचा वेळ बरा जाईल, एवढाच त्या बिचाऱ्याचा हेतू होता. पण मामांनी घरात दुसरा नक्कल विभाग उघडला.

पडद्यावर दिसतं ते मामांच्या लेखी नुसतं ऐकीव. कागदावर उमटलं की मगच खरं. हवामानाचा अंदाज छापून झाल्याशिवाय ते छत्री घेत नाहीत. ओळखीचं कुणी गेल्याची बातमी व्हॉट्सअॅपवर आली, तर ती कुठल्यातरी वेबसाइटवरून छापून हातात येईपर्यंत त्या माणसाला ते जिवंत धरतात. एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर माझ्याच फेसबुकवरच्या फोटोंची चळत! मी हबकलोच. 'काही नाही, असू द्यावं दप्तरी,' मामा शांतपणे म्हणाले.

हेही चाललं असतं. पण मामांना कागद लागतो तो लीगल, कोर्टातला लांबलचक. ए-फोर कागदाला ते 'चिठोरं' म्हणतात. आता कोर्टातही ए-फोर चालतो हे कळलं त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. पण कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने लीगल कागद ठेवणं बंद केलं, तेव्हा प्रिंटरमध्ये चिठोरंच भरावं लागलं. ब्राउझरच्या प्रिंटच्या चौकटीत मात्र मामांनी 'लीगल' ठेवलं ते ठेवलंच. म्हणजे मजकूर लांब कागदाच्या हिशेबाने मांडला जायचा, प्रिंटरमध्ये कागद आखूड, आणि पानाचा तळ गायब! मी प्रत्येक भेटीत ते ए-फोर करून यायचो, आणि माझी पाठ वळली की मामा पुन्हा लीगल करायचे. 'कागद आखूड असेल तर तो कागदाचा दोष,' ते म्हणत, 'मजकुराने का अंग चोरायचं?' नातीच्या, सईच्या, वाढदिवसाला त्यांनी मामींना केकची कृती छापून दिली. तो केक कापताना सुरीच वाकली. मी थक्क होऊन मामींकडे पाहिलं. उरणकडच्या मामी ठसक्यात म्हणाल्या, 'माझ्याकडं काय बगताव? कागदात व्हतं तेवडं घातलं. सोडा बिडा तळाला गेला आसंल, तो कागदात आला नाय!'

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण यंदा सईच्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला. 'जावईबापू, आसाल तसे या. यांनी पोरीच्या कागदावर कायतरी करून ठेवलंय.' मुलगा आणि सून मस्कतला, सई आजी-आजोबांकडे राहून शिकते. वर्षभर ती पोरगी या एका परीक्षेसाठी मान मोडून अभ्यास करत होती. मी कामोठ्याहून स्कूटर दामटली.

दारातच सई रडवेली उभी होती. मामांनी माझ्या हातात तिचं प्रवेशपत्र ठेवलं. वरचा भाग छापलेला, आणि तळाचा भाग काळ्या पेनाने, मोत्यासारख्या अक्षरात हाताने लिहिलेला. सूचना, केंद्राचा पत्ता, सगळं. एवढ्यावर थांबते तर ते मामा कसले? गेटवर मशीनने तपासायचा बारकोडसुद्धा त्यांनी पट्टीने रेघा मारून काढला होता, जाड तिथे जाड आणि बारीक तिथे बारीक! आणि त्याखाली 'खरी नक्कल', आणि सही.

'तळ छापला जात नव्हता,' मामा म्हणाले. 'पहाटे उठून पुरा केला. एक रेघ चुकलेली नाही.'

'मामा, हे गेटवर चालणार नाही! पोरीला बाहेरच ठेवतील!' मी जवळजवळ ओरडलोच.

'माझी सही हायकोर्टात चालली आहे,' मामा म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी कॉम्प्युटरपुढे बसलो. प्रिंटची चौकट उघडली, पेपर साइज लीगल होती ती ए-फोर केली, बटण दाबलं. प्रिंटर नुसताच लाल दिवा मिचकावत बसला. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मामी सईच्या तळहातावर दही-साखर घालून तिला धीर देत होत्या. मग लक्षात आलं, मामांनी प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही लीगल करून ठेवलंय. ब्राउझर एक म्हणत होता, प्रिंटर दुसरंच. तिथेही ए-फोर केलं, आणि अख्खं पान, तळाच्या बारकोडासकट, सरसरत बाहेर आलं. सईने ते घेतलं, घाईघाईत आजोबांच्या पाया पडली आणि मामींबरोबर जिना उतरली.

घरात आम्ही दोघेच उरलो. मामांनी स्वतःची नक्कल पुढ्यात घेतली आणि मला पडद्याकडे बोट दाखवलं. 'वाचा,' म्हणाले. मी मोठ्याने वाचत गेलो, ते ओळीवर बोट ठेवून ताडून पाहत राहिले. एका वेलांटीचासुद्धा फरक निघाला नाही. इतका बिनचूक कागद, आणि कुणाच्याही उपयोगाचा नाही. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सईचा फोन आला. 'आजोबा, मशीनने घेतलं! आत सोडतायत!' मामांनी तिला घाई न करता लिहायला सांगितलं आणि फोन ठेवला. मग पट्टी घेतली, आपल्या नकलेवर दोन तिरक्या रेघा मारल्या, मधोमध 'रद्द' लिहिलं आणि सही केली.

'मामा, ती मला द्या,' मी म्हटलं. 'जपून ठेवतो.'

'रद्द झालेला कागद बाहेर देत नसतात, जावईबापू,' मामा म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी तो आडवा फाडला, उभा फाडला, आणि मग ते तुकडे कुठे टाकावेत हे न सुचून बराच वेळ हातात धरून बसून राहिले.