रंगाखालची वायर

एलिएसेर पोलोला बसता येत नसे. गुडघे धड होते, कंबर धड होती. पण बूड खुर्चीला टेकलं रे टेकलं की त्याला कुणाच्या तरी घरचा बिघडलेला टीव्ही आठवायचा. सिएनागा गावातल्या त्याच्या गल्लीत त्याला तोंडावर ‘मुंगळा’ म्हणत. तोही बिनदिक्कत ओ द्यायचा.

पोटापाण्याचं काम त्याने केळीच्या वखारीत केलं, वजनकाट्यावर. टीव्हीचा नाद म्हणजे घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं. कुणाच्या पडद्यावर मुंग्या आल्या, रंग उडाला, चित्र थरथरलं, की हा पिशवी उचलून दारात हजर. “टीव्हीला शिव्या देऊ नका, आधी वायर बघा,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि बहुतेक वेळा दोष वायरचाच निघायचा. जानेवारी हा त्याचा हंगाम. नाताळाआधी त्या गावात घर रंगवायचं म्हणजे रंगवायचंच. माणसं एक वेळ उपाशी राहतील, पण जुन्या रंगाच्या भिंतीला पाठ लावून सण करणार नाहीत. रंगवताना टीव्ही ओढायचा, वायरी काढायचा कंटाळा म्हणून त्यांच्यावरूनच ब्रश फिरवायचा, पिनांमध्ये थेंब पाडायचे, आणि नव्या वर्षात एलिएसेरच्या नावाने हाका मारायच्या. दर वर्षी तीच चूक. त्याने कधी कुणाला बोल लावला नाही. उलट वाट बघायचा.

या जानेवारीत हाक त्याच्याच घरातून आली.

बायको ओतिलिया जाऊन वर्ष झालं होतं. शनिवारी चर्चमध्ये वर्षाची प्रार्थना झाली आणि मेदेयिनहून आलेली लेक मारेल्विस रविवारी दुपारच्या बसने परत निघणार होती. तिला एकच गोष्ट हवी होती. तिच्या पंधराव्या वाढदिवसाची व्हिडिओ टेप. ओतिलिया कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात पळायची. चालती-बोलती ती त्या एका टेपमध्येच सापडली होती. टेपला बुरशी लागलेली. आता एकदा चालवून पडद्यावरचं मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचं, पुढचा भरवसा नाही.

टेप लावली. आवाज आला. बँड, ग्लासांची किणकिण, आणि ओतिलियाचं हसू, आधी खोकल्यासारखं अडकणारं आणि मग मोकळं सुटणारं. पडदा मात्र निळाच. मध्येच आडवे पट्टे सरकून गेले, की पुन्हा निळा.

“पपा, आई हसतेय आणि दिसत नाहीये! कर ना काहीतरी.”

“टीव्हीला शिव्या...”

“नाही देत शिव्या. तू वायर बघ!”

त्याने पिशवी जमिनीवर उपडी केली. वायरींचं हे भेंडोळं! टेपचं यंत्र समोरच्या कोनाड्यातून उचलून टीव्हीशेजारी आणलं, एक वायर लावली, तर चित्र नुसतं काळं-पांढरं, तेही गरगर फिरणारं. दुसरी लावली, काहीच नाही. तिसरीची पिवळी पिन हातातच आली. चित्र त्या पिवळ्या पिनेतूनच यायचं; लाल-पांढऱ्या आवाजाच्या. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या सगळ्या लोकांच्या घरून काढून आणलेल्या खराब वायरी होत्या. चांगल्या तो त्यांच्याकडे लावून आला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शेजारची नुबिया ताटली घेऊन आली. कुटलेली हिरवी केळी, वर किसलेलं चीज. मारेल्विसच्या बाप्तिस्म्याला तीच धर्ममाता, त्यामुळे ती त्याला ‘कोम्पाद्रे’ म्हणायची.

“कोम्पाद्रे, माझी वायर दिली असती हो, पण माझ्या नव्या टीव्हीला ही तीन रंगांची शेपटं लागतच नाहीत. दुकानंही बंद, रविवार. बसा, दोन घास खा.”

“उभ्यानेच खातो.”

“उभ्यानेच लग्न लावलंत, उभ्यानेच संसार केलात. आता जेवा उभ्यानेच.” ताटली ठेवून ती गेली. एलिएसेरने त्यातलं काही खाल्लं नाही.

मग राहिली ती भिंतीवरची लांब वायर. यंत्र पुन्हा त्याच्या कोनाड्यात गेलं. तिथून दाराच्या चौकटीवरून समोरच्या टीव्हीपर्यंत ती वायर त्यानेच खिळे मारून नेलेली, आणि आता भिंतीसारखीच पुदिन्याच्या रंगाची. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात ओतिलिया रोज म्हणायची, “तेवढी वायर उतरवून दे, मग रंगवते.” हा रोज म्हणायचा, “उद्या.” आणि जायचा दुसऱ्यांच्या वायरी उतरवायला. शेवटी तिने वायरीवरूनच ब्रश फिरवला. खिळ्यांपाशी रंग जाड बसला होता, एके ठिकाणी ब्रशचा केसही चिकटला होता. त्यानंतर महिन्याभरात ती गेली. सुतकाचं घर रंगवत नाहीत, म्हणून यंदा नाताळातही कुणी भिंतीला हात लावला नव्हता.

स्टुलावर चढून तो वायर दाबत निघाला. मारेल्विस पडद्याकडे बघत ओरडत होती.

“नाही... नाही... आली! गेली. मागे ये! मागे रे पपा, किती घाई!”

चौकटीच्या कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याखाली चित्र उघडझाप करू लागलं. तिथे खिळा वाकडा होऊन वायरीत रुतला होता. घाईत ठोकलेला, त्याचाच.

त्याने चाकू काढला आणि तसाच उभा राहिला. मुंगळा थांबला हे बघून मारेल्विसला सगळं कळलं.

“राहू दे पपा. आईचा रंग निघेल. आवाज आहे ना, तेवढा पुरे मला.”

“मला नाही पुरे,” तो म्हणाला.

वायर ओढली तशी रंगाची लांब पापुद्र्यासारखी पट्टी सुटली. ती त्याने जपून खिशात ठेवली. तुटका भाग कापला, टोकं सोलली, घाईघाईत पीळ दिला. पडदा काळा. आतली तार बाहेरच्या जाळीला चिकटली होती. त्याने पीळ सोडला. या वेळी हळू, तार तारेला, जाळी जाळीला, मध्ये चिकटपट्टी.

चित्र आलं. रंगांसकट. ओतिलिया निळ्या झग्यात टेबलाशी बसली होती, शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स. कुणी पाहुणा ती खुर्ची ओढायला गेला तर तिने पर्सवर हात ठेवला आणि हसली. “एलिएसेरची आहे. स्पीकरची वायर बघायला गेलाय, येईलच.”

केक कापला गेला, नाच झाले. मध्येच वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकून एलिएसेर पडद्यावरून पळत गेला, न थांबता. ओतिलियाची मान त्याच्यामागे वळली आणि पुन्हा सरळ झाली. आणखी कुणी खुर्ची मागितली. तिने नाही म्हणून मान हलवली.

ही टेप तिने किती वेळा लावली होती, आणि दर वेळी ती त्याला म्हणाली होती, “बस ना जरा.” त्याने एकदाही पाहिली नव्हती.

“पपा,” मारेल्विस हळूच म्हणाली. मोबाइल तिने पडद्यासमोर धरला होता. “बस.”

तो स्टुलावरून उतरला आणि ओतिलियाच्या झुलत्या खुर्चीत बसला. टेप संपेपर्यंत पडद्यावरची पर्स त्या रिकाम्या खुर्चीवरच होती. बसची वेळ टळून गेली. बाहेरून कुणी तरी त्याला हाक मारत होतं, आपल्या टीव्हीचं चित्र हलतंय म्हणून. त्याने ओ दिली नाही.