दाजींचं शून्य

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून, आणि होणार होणार म्हणून गाजलेला तो नवा जिल्हा खरंच झाला तर त्यातही धरून, आमच्या दाजींइतका मोजणीवर जीव टाकणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहणारे मुखेडकडचे, नोकरी एका तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची. कुठल्या तालुक्याच्या ते सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात कचेरीची बरीच शोभा झाली. तर दाजी मोजत. पण नुसतं मोजणं त्यांना फार हलकं काम वाटे. पोती मोजणं, माणसं मोजणं हे कुणीही करील. दाजींचा जीव अटींवर. एकाच वेळी चार-पाच अटी लावायच्या, त्या सगळ्याच्या सगळ्या पुऱ्या करणारे तेवढेच मोजायचे आणि बाकीच्यांकडं ढुंकूनही पाहायचं नाही. मुखेडच्या बाजारात ते वांगी आणायला जात तेव्हा मी मुद्दाम सोबत जाई. वांगं काटेरी हवं, देठ हिरवा हवा, भोक नको आणि मुठीत मावलं पाहिजे. ढिगाऱ्यासमोर उकिडवे बसून ते एकेक वांगं हातात घेत, ओठ हलवत, आणि ते इतकं रंगून चाले की मागं गिऱ्हाइकं खोळंबत. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "अवो बापू, घ्यायचे हायत का निस्ती वांग्यांची शिरगणती करून राहिले?" दाजी आनंदानं उठले. "मावशी, एवढ्या ढिगाऱ्यात चारी अटीत बसणारे मूठभरच हायत! वरून बघून कळतंय का कुनाला?" आणि त्या आनंदाच्या भरात वांगी तिथंच सोडून घरी आले. आक्कानं त्या दिवशी वरण केलं.

बसचंही तेच. बस नांदेडला जाणारी हवी, खिडकीशी जागा हवी, ती खिडकी सावलीच्या बाजूची हवी आणि शेजारी तंबाखू मळणारा नको. आमच्या डोळ्यांसमोरून नांदेडच्या बसा भरून जात आणि दाजी स्टँडवर उभं राहून समाधानानं मान हलवत. "एक बी न्हाई बसली अटीत," ते म्हणत. आपण अजून मुखेडातच आहोत याचं त्यांना काही वाटत नसे. नातेवाइकांनी त्यांच्यासोबत प्रवास करणं सोडून दिलं होतं. मी तेवढा जाई, कारण मला ते मनापासून आवडत.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस संगणक आला आणि कुणीतरी त्यांना तक्त्यात सूत्र घालायला शिकवलं. मी लातूरच्या एका शाळेत मास्तर. भर वर्गात फोन वाजला. "पाव्हणं!" दाजी ओरडत होते. "अवो, ह्या मशीनला आपल्यावानी डोकं हाय! ह्या रकान्यात हे पायजे, त्या रकान्यात ते पायजे म्हनून सांगायचं. दोनी जमलं तरच ती ओळ मोजतंय. एक अट चुकली की खलास! मुलाहिजा न्हाई कुनाचा!" मग त्यांनी ते सूत्र मला कंस आणि स्वल्पविरामांसकट तोंडी म्हणून दाखवलं. पोरं हसायला लागली, मीही हसलो, पण फोन ठेववेना. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या आवाजात एवढा हर्ष मी पहिल्यांदाच ऐकत होतो. संध्याकाळी त्यांनी कचेरीत पेढे वाटले. शिपायानं विचारलं, "नातू झाला का?" दाजी म्हणाले, "हाव, तसंच समज."

त्यानंतर वर्षभर दाजी हवेत होते. साहेबांनी काही विचारायची खोटी, की यांची बोटं पळायला लागत. विधवा आहेत, पेन्शन मिळत नाही आणि घर पडलेलं आहे, अशा किती? टक्! शाळा आहे, मास्तर आहेत पण छप्पर नाही, अशी गावं किती? टक्! आकडा आला की दाजी खुर्चीत मागं रेलून हात चोळत.

मग तो दुष्काळ आला. पाऊस रुसला तो रुसलाच. विहिरींचा तळ दिसू लागला, बोअरमधून नुसता फुफाटा यायला लागला. आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याची आवई उठली. इकडचा थोडा, तिकडचा थोडा भाग तोडून तिसरा जिल्हा करणार म्हणे! चहाच्या टपरीवर दोनच विषय, टँकर कधी येणार आणि जिल्हा कधी होणार. ज्यांच्या घरी प्यायला पाणी नव्हतं तेही घसा कोरडा होईस्तोवर घोषणा देत. दाजीही एका मोर्चाला जाऊन आले. आक्कानं विचारलं, "किती लोक व्हते वो?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "घोषणा देणारे, घोषणा समजलेले आन आंघोळ करून आलेले, असे तिघं."

त्या धामधुमीत वरून हुकूम आला की टँकरची गरज असलेली गावं मोजून तातडीनं कळवा, आणि जुन्या जिल्ह्यात राहणारी आणि नव्यात जाणारी, दोन्हीकडची गावं त्यात धरा. दाजींचा तक्ता तयारच होता. प्रत्येक गावाची एक ओळ. विहीर आटली का, बोअर बंद पडलं का, पाणी किती लांब, असे रकाने. आणि शेवटच्या रकान्यात गावापुढं 'जुना' किंवा 'नवा'. दाजींनी अटी घातल्या. विहीर आटलेली हवी. बोअर बंद हवं. पाणी लांब हवं. मग दोन्हीकडची गावं यावीत म्हणून शेवटच्या रकान्यावर दोन अटी घातल्या, 'जुना' पाहिजे आणि 'नवा'ही पाहिजे. बटण दाबलं. उत्तर आलं शून्य.

दुसरा कुणी असता तर दचकला असता. दाजींच्या स्वतःच्या घरात घागरी पालथ्या पडल्या होत्या आणि आक्का राखेनं भांडी पुसून ठेवत होती. पण ज्या मशीननं कधी मुलाहिजा ठेवला नाही त्याच्यावर दाजींचा एवढा विश्वास, की ते आनंदानं उडालेच. "सायेब, सगळ्या अटीत बसणारं एक बी गाव न्हाई आपल्याकडं!" साहेब तरुण होते, रोज शिव्या खाऊन बेजार झाले होते. दुष्काळात कुणी गोड बातमी आणली तर ती कुणाला नको असते? त्यांनी चहा मागवला, बिस्किटांसकट. संध्याकाळच्या आत वर कळवलं गेलं, की इथं टँकरची गरज नाही. तिथं उभे असलेले टँकर सोमवारी सकाळी शेजारच्या तालुक्यात हलवायचे, असं ठरलं.

रविवारी मुरुडला आमच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. पाणी विकत आणलेलं, त्यामुळं आचाऱ्याला पुढच्या पंगतीचा नेमका अंदाज हवा होता. "किती लोक जेवायचे राहिले?" एवढंच त्यानं विचारलं, आणि दाजींनी माइक हातात घेतला. अक्षता पडलेल्या, ऊन तापलेलं, मंडप भरलेला. "समद्यांनी उभं राहा!" दाजी गरजले. "मी अट सांगन. ज्याला अट लागू न्हाई त्यानं खाली बसायचं. शेवटी उभे राहतील ते मोजू." लोकांना गंमत वाटली, सगळे उठले. दाजी म्हणाले, "जेवलेले, बसा!" जेवलेले बसले. दाजींचा चेहरा फुलला. "आता दोनीकडचे पाव्हणे पायजेत. जे नवरदेवाकडचे न्हाईत ते बसा!" आम्ही नवरीकडचे सगळे बसलो. "जे नवरीकडचे न्हाईत ते बसा!" नवरदेवाकडचे सगळे बसले.

मंडपात दाजी एकटेच उभे. त्यांनी चौफेर नजर फिरवली आणि माइकवरून जाहीर केलं, "शून्य! जेवायचं कुनी राहिलं न्हाई!"

जो गलका उठला म्हणता! नवरदेवाचे आजोबा काठी आपटत ओरडले, "आरं, पोटात कावळे कोकलून राहिले आन म्हनं शून्य! बसलो म्हंजी काय जेवलो व्हय?" सगळा मंडप खो खो हसत होता. मीही हसत होतो, आणि हसता हसता दाजींकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. माइक त्यांनी खाली ठेवला. जवळ येऊन त्यांनी माझा दंड धरला. "पाव्हणं," ते म्हणाले, "माझी गावं बी अशीच खाली बसली हायत."

त्यांनी मला चालता चालताच सगळं सांगितलं. न जेवता आम्ही निघालो. मिळेल ती बस धरली, लातूरला बदलली, दाजी दारात पायरीवर उभं राहून आले. दिवेलागणीला साहेबांच्या घरी पोचलो. सगळं ऐकून साहेब म्हणाले, "मशीन बिघडलं होतं असं लिहू. तुमच्यावर काही येणार नाही." मला वाटलं, सुटलो! दाजींनी मान हलवली. "न्हाई सायेब. मशीन बिघडलं म्हनलं की तपासायला मानूस येनार, तवर टँकर गेलेले असतेत. मशीन बरोबर हाय. एकच गाव जुन्यात बी आन नव्यात बी कसं सापडंल? अलग अलग मोजून बेरीज करायची व्हती. माझीच चूक हाय, मी लिहून देतो, पर आत्ता फोन लावा."

साहेबांनी फोन लावला. कचेरी उघडून दाजींनी पुन्हा मोजलं, आधी जुन्यातली, मग नव्यातली. आकडा आला, पण दाजींनी हात चोळले नाहीत. ते गावांची नावं वाचत बसले, एकेक करून, मोठ्यानं. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला.

सोमवारी टँकर हलले नाहीत. दाजींचं टेबल मात्र हललं. त्यांना आवक-जावकला बसवलं आणि संगणक दुसऱ्याकडं गेला. निवृत्त होईपर्यंत तो परत मिळाला नाही. दाजींनी कधी तक्रार केली नाही. फक्त संगणकाच्या खोलीवरून जाताना ते जरा हळू चालत, असं शिपाई सांगे.

आता दाजी आणि आक्का लातूरला आमच्या जवळच राहतात. नवा जिल्हा अजून टपरीवरच आहे. "तुझे दाजी लई गप राहतेत रे आता," आक्का परवा म्हणाली, आणि मला राहवेना. मी शाळेचा लॅपटॉप घेऊन गेलो आणि साफ खोटं बोललो, की मला जमत नाहीये. लांबून चालत येणाऱ्या, बसपास नसलेल्या आणि तरी रोज हजर असणाऱ्या मुली मोजायच्या आहेत. दाजींनी चष्मा पुसला. खुर्ची पुढं ओढली. एकेका बोटानं सूत्र लिहायला त्यांना बराच वेळ लागला. आकडा आला तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. मी लॅपटॉप मिटायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "थांबा पाव्हणं. यातल्या एकीच्या घरी फोन लावा. खरंच हाय का ती, इचारा."

मी यादीतलं एक नाव काढलं, नंबर फिरवला आणि फोन दाजींच्या कानाला लावला. त्यांनी ते नाव घेऊन विचारलं. पलीकडून एक बारीक, दम लागलेला आवाज आला, "हाव, मीच बोलून राहिले. आत्ताच घरी आले चालत." फोन कानाला तसाच धरून दाजी तिचा तो दम लागलेला श्वास ऐकत राहिले.